पोहे-जलेबीनंतरचं टेस्टोस्टेरॉन

गेल्या श्रावणात एका शनिवारी साडेअकराच्या सुमाराला माझे साडू लॅबवर आले. वय ४६, सुदामा नगरात स्वतःचं घर, इलेक्ट्रिकलचं दुकान, पोट शर्टाच्या बटणांवर रेललेलं. काउंटरवरच्या मुलीसमोर एक अक्षर बोलले नाहीत. सरळ आत आले, दार लोटलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "साडूबुवा, ती तपासणी करून टाका. पुरुषांची असते ती."

"उपाशीपोटी आहात का?"

"उपाशी कशाला राहू? छप्पन दुकानवर पोहे-जलेबी खाऊन आलो ना."

मी म्हटलं, आज नको, सोमवारी सकाळी आठला या, काही न खाता. त्यांना वाटलं मी टाळतोय. त्याच दुपारी दुसरीकडे जाऊन रक्त देऊन आले आणि संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचा फोटो पाठवला. टेस्टोस्टेरॉन २३८. शेजारी ठळक अक्षरात 'लो'. खाली त्यांनी एकच शब्द लिहिला होता: "संपलं."

मी डॉक्टर नाही. इंदूरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून पंचवीसेक वर्षं रक्त काढतोय, मशीन चालवतोय, रिपोर्ट छापतोय. पूर्वी टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी हार्मोनची, तपासणी महिन्यातून एखाद-दुसरी यायची, तीही बहुधा मूल होत नाही म्हणून. आता रोज असते. कुणी मोबाइलवरची जाहिरात बघून येतो, कुणाला जिमवाल्याने पाठवलेलं असतं, आणि निम्मे तरी चुकीच्या वेळी येतात. औषध काय द्यायचं ते डॉक्टरांचं काम. पण तो आकडा कसा तयार होतो आणि कसा फसवतो, हे आम्ही रोज बघतो, म्हणून लिहायला बसलोय.

आधी पोह्यांचं सांगतो. एका अभ्यासात पुरुषांना ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजलं, गरोदर बायकांना शुगर तपासताना पाजतात तेवढंच. टेस्टोस्टेरॉन सरासरी पंचवीस टक्क्यांनी खाली आलं आणि दोन तासांनंतरही बहुतेकांचं मूळ जागी परतलं नव्हतं. ज्यांचं नॉर्मल होतं त्यातल्याही काही जणांचा आकडा 'लो'मध्ये गेला. दोन जलेब्या आणि वर साखर घातलेले इंदुरी पोहे म्हणजे वेगळं काय आहे?

दुसरी गोष्ट घड्याळाची. हे हार्मोन रात्री झोपेत वाढत जातं, सकाळी सात-आठच्या सुमाराला सगळ्यात वर असतं आणि दिवसभर उतरतं. तरुण माणसात सकाळ आणि दुपार यांच्यात वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक सहज पडतो. वय वाढलं की हा चढउतार थोडा बोथट होतो, पण जात नाही. म्हणून नियम असा की रक्त सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, रात्रीची झोप नीट झालेली असताना द्यायचं. आणि आकडा कमी आला तर काही दिवसांनी दुसऱ्या सकाळी परत. दोन्ही वेळा कमी, शिवाय लक्षणंही आहेत, तरच पुढचं बोलणं. एका रिपोर्टवर निदान होत नाही. नुकताच डेंग्यू किंवा टायफॉइड होऊन गेला असेल तर महिना-दीड महिना थांबलेलं बरं, कारण आजारपणात शरीर हे उत्पादन स्वतःच कमी करतं.

साडूंनी या सगळ्या नियमांची एका दुपारीत वाट लावली होती.

टाकी, स्टार्टर आणि मोटर

आता हे हार्मोन बनतं कसं ते बघू. इंदुरातल्या माणसाला हे समजावायला मला नर्मदेच्या पाण्याचा दाखला सगळ्यात सोपा पडतो. नळाला पाणी एक दिवसाआड, खाली हौद, गच्चीवर टाकी, जिन्याखाली स्टार्टर, हौदाजवळ मोटर. घरात कुणीतरी एक असतो ज्याचं लक्ष टाकीकडे असतं. टाकी उतरली की तो ओरडतो, कुणीतरी स्टार्टर दाबतं, मोटर चालते. टाकी भरली की बंद.

शरीरात टाकीवर नजर ठेवणारा म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस. तो साधारण दीड-दोन तासांनी एक हाक मारतो. ती हाक ऐकून त्याच्याच खाली लटकलेली, वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी रक्तात दोन निरोप सोडते, एलएच आणि एफएसएच. ही आपली स्टार्टर. वृषणं म्हणजे मोटर. एलएच पोचलं की तिथल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात. एफएसएचचं काम शुक्राणू तयार करणाऱ्या भागात. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसं झालं की वर कळतं आणि हाका कमी होतात.

यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बाहेरून टँकर मागवून टाकी भरली, तरी वर बघणाऱ्याला टाकी भरलेलीच दिसते. तो हाक मारत नाही, स्टार्टर दाबला जात नाही, मोटर पडून राहते. टँकर सहा महिने येत राहिला तर मोटरला गंज चढणारच.

म्हणून चांगला डॉक्टर नुसतं टेस्टोस्टेरॉन बघत नाही. ते दोनदा कमी आलं की तो एलएच आणि एफएसएच सांगतो. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच भरपूर वाढलेलं, म्हणजे वरून ओरडा चाललाय, स्टार्टर दाबलेला आहे, पण मोटरच बिघडली. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएचही कमी, किंवा 'नॉर्मल'च्या खणात गुपचूप बसलेलं, म्हणजे मोटर ठीक असेल, वरून हाकच येत नाहीये. हा दुसरा प्रकार लोक हमखास चुकीचा वाचतात. एलएच नॉर्मल आहे म्हणून सुस्कारा सोडतात. अहो, टाकी रिकामी असताना घरातला माणूस शांत बसून असेल तर ते नॉर्मल कसं?

मोटर बिघडण्याची कारणं मोजकी आहेत. वयात आल्यावर झालेले गालगुंड वृषणांत उतरले, लहानपणी वृषण खाली उतरलंच नाही आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही, कर्करोगाची औषधं, मार. आणि एक जन्मतःचं कारण, क्लाइनफेल्टर सिंड्रोम. त्यात मुलाला एक एक्स गुणसूत्र जास्त असतं, एक्सएक्सवाय. साधारण सहाशे-सातशे मुलग्यांमागे एकाला. बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही, किंवा लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणीत लागतो. उंच मुलगा, दाढी विरळ, वृषणं लहान आणि घट्ट. डॉक्टरांनी नुसतं हाताने तपासलं असतं तर दहा वर्षं आधी शंका आली असती, पण आपल्याकडे पँट उतरवायला पेशंट लाजतो आणि सांगायला डॉक्टर.

वरून हाक न येण्याची यादी मात्र मारुतीच्या शेपटीसारखी आहे. पिट्युटरीत गाठ असू शकते. त्यात प्रोलॅक्टिन, म्हणजे बायकांत दूध आणणारं हार्मोन, बनवणारी गाठ असेल तर कामेच्छा जाते, डोकं दुखतं, कधी दोन्ही बाजूंचं दिसणं कमी होतं, गाडी चालवताना शेजारची स्कूटर दिसत नाही. ही गाठ बहुतेक वेळा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी आटोक्यात येते, ऑपरेशन लागत नाही. पण प्रोलॅक्टिन वाढलेलं दिसलं की लगेच एमआरआयकडे धावण्याआधी औषधांची पिशवी उलटी करा. अ‍ॅसिडिटीच्या कित्येक कॅप्सूलमध्ये लेवोसल्पिराइड किंवा डॉम्पेरिडोन मिसळलेलं असतं. दोन्ही प्रोलॅक्टिन वाढवतात. जेवणाआधी रोज ती कॅप्सूल घेणारा माणूस तिला औषध समजतच नाही, डॉक्टरांनी विचारलं तर 'काही चालू नाही' म्हणतो.

अफू आणि अफूच्या जातीची वेदनाशामकं, ट्रामाडॉलसुद्धा, ही हाक दाबतात. मंदसौर-नीमचचा अफूचा पट्टा आपल्यापासून काही तासांवर आहे, तेव्हा माळव्यात हे कारण पुस्तकी नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तरी तेच. थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यातलं लोह पिट्युटरीत साचतं आणि मुलगा वयातच येत नाही. काहींना जन्मतः ही हाकच नसते आणि गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच जणांना वासही येत नाही, कारण नाकाच्या आणि या हार्मोनच्या मज्जापेशी गर्भात एकाच वाटेने मेंदूत जातात. त्याला कालमन सिंड्रोम म्हणतात. सोळा-सतराचा मुलगा, आवाज फुटला नाही, मिसरूड नाही, तर त्याला विचारावं, फोडणीचा वास येतो का?

पण ही सगळी कमी दिसणारी माणसं. रोज जे दिसतं ते दुसरंच.

पोट, शुगर आणि घोरणं

रोज दिसतात ते साडूंसारखे. चाळिशी-पन्नाशीचे, वजन वाढलेले, दुपारी दुकानात पेंगणारे. चरबी हा नुसता साठा नसतो, त्यात अ‍ॅरोमटेज नावाचं एन्झाइम असतं जे टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं. शिवाय वाढलेली चरबी आणि इन्सुलिनचा बिघाड वरची हाकही मंद करतात. टाइप २ डायबिटीस असलेल्या पुरुषांत साधारण चौथ्या-तिसऱ्या हिश्शाला टेस्टोस्टेरॉन कमी सापडतं.

झोपेचं तर विचारूच नका. तरुण, निरोगी मुलांना एक आठवडा रोज पाचच तास झोपू दिलं तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्के उतरलं, असं २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकन प्रयोगात दिसलं. आमच्या शहरात रात्री बारानंतर सराफ्यात गराडू आणि रबडी खायला निघणं ही संस्कृती आहे, आणि सकाळी सातला पुन्हा पोह्यांच्या गाडीवर हजर. मीही त्यातलाच, तेव्हा उपदेश करत नाही, फक्त हिशोब सांगतो.

साडूंना मी दुसऱ्याच दिवशी गाठलं आणि बसवून विचारलं की नेमकं होतंय काय. थकवा, चिडचिड, वजन, आणि 'तेही' नीट नाही. हे 'तेही' म्हणजे काय, हे विचारायला त्यांच्याबरोबर दोन कप चहा घालवावा लागला. इच्छा होते, पण ताठरता टिकत नाही.

इथे एक मोठा गैरसमज आहे. इच्छा असून ताठरता येत नसेल तर दोष बहुतेक वेळा टेस्टोस्टेरॉनचा नसतो, रक्तवाहिन्यांचा असतो. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे त्या आधी तुंबतात. हृदयविकाराच्या दोन-चार वर्षं आधी ही तक्रार सुरू झालेली असते, असं पुष्कळदा दिसतं. म्हणजे अशा माणसाला हार्मोनच्या तपासणीइतकीच शुगर, कोलेस्टेरॉल, बीपी आणि ईसीजीची गरज असते. मेडिकलवाल्याकडून हळूच निळी गोळी नेणारा हीच सूचना गिळून टाकतो. त्यात छातीत दुखतं म्हणून नायट्रेटची गोळी चालू असेल तर दोन्ही मिळून बीपी धोकादायक खाली जातं, ते वेगळंच.

मग टेस्टोस्टेरॉनची म्हणावीत अशी लक्षणं कोणती? इच्छाच न होणं. पहाटेची ताठरता जाणं. दाढी पूर्वी रोज करावी लागायची, आता चार दिवसांनी. वृषणं लहान होणं, छातीला दुखरी गाठ येणं, अंगातून गरम वाफा निघणं, किरकोळ पडण्याने हाड मोडणं, कारण न सापडणारा अ‍ॅनिमिया. थकवा, उदास वाटणं, लक्ष न लागणं ही लक्षणं आहेतच, पण ती थायरॉइडचीही आहेत, डिप्रेशनचीही, आणि मुलीचं लग्न ठरत नसल्याचीही. युरोपात ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांवर पुरुषांचा मोठा अभ्यास झाला. इच्छा, पहाटेची ताठरता आणि एरवीची ताठरता या तीनही तक्रारी आणि आकडाही खरोखर कमी, अशी कडक अट लावली तेव्हा त्यात बसले फक्त २.१ टक्के. जाहिराती बघून वाटतं की गल्लीतला प्रत्येक काका रिकामा झालाय.

सोमवारी साडू आले, पावणेआठला, खरंच उपाशी. आकडा आला ३४१. आठवड्याने परत घेतला, ३२९.

आकड्याचे खेळ

आता ३३०-३४० म्हणजे कमी की बरं? अमेरिकेतले यूरॉलॉजिस्ट ३०० च्या खाली कमी धरतात. तिथल्याच हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने तरुण, सडपातळ पुरुषांची रक्तं मोजून खालची रेघ २६४ वर ओढली. सगळे आकडे नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमधले. त्यामुळे २८० वाला एका दारात आजारी आणि दुसऱ्या दारात निरोगी. या रेघेला मी फार मान देत नाही, माणूस बघावा.

एककांचा घोळ त्याहून वाईट. काही लॅब प्रति मिलिलिटर छापतात, तिथे ३.४ दिसतं. माणूस इंटरनेटवर वाचून आलेला असतो की ३०० हवं, त्याला घाम फुटतो. ते ३.४ म्हणजेच ३४०. काही ठिकाणी नॅनोमोल असतं, त्याला २८.८ ने गुणायचं.

आणखी एक आतली गोष्ट. केस गळतात म्हणून आजकाल निम्मं शहर बायोटिन खातं. पाच-दहा मिलिग्रॅमची ती गोळी बऱ्याच मशीनच्या रसायनात लुडबूड करते. टेस्टोस्टेरॉन आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, एलएच आणि थायरॉइडचं टीएसएच कमी दिसतात. खरा रोगी नॉर्मल ठरू शकतो. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ती बंद ठेवा आणि लॅबला सांगा. कुणीच सांगत नाही, कारण केसांच्या गोळीचा आणि याचा काय संबंध!

साडूंचा उलगडा मात्र तिसऱ्याच तपासणीने झाला. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन मोकळं फिरत नाही. मोठा हिस्सा एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला घट्ट चिकटलेला, बराचसा अल्ब्युमिनला सैल धरून, आणि जेमतेम दोन टक्के मोकळा. पेशीच्या कामाचा हा मोकळा आणि सैल हिस्सा. लठ्ठपणा आणि डायबिटीसमध्ये एसएचबीजी घटतं. म्हणजे गोदाम लहान झालं, एकूण माल कमी दिसतो, पण बाजारात येणारा माल ठीक असतो. उतारवयात, यकृताच्या आजारात आणि जास्त काम करणाऱ्या थायरॉइडमध्ये उलटं होतं, गोदाम मोठं आणि बाजार रिकामा. म्हणून काठावरच्या आकड्याला एसएचबीजी आणि अल्ब्युमिन मोजून मोकळं टेस्टोस्टेरॉन गणिताने काढतात. 'फ्री टेस्टोस्टेरॉन' नावाने जी स्वस्तातली थेट तपासणी मिळते तिच्यावर माझा विश्वास नाही आणि जाणकार डॉक्टरांचाही नसतो.

साडूंचं एसएचबीजी कमी निघालं आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित. त्याच रक्तात एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, ७.४. डायबिटीस दोन-तीन वर्षं तरी मुक्कामाला असावा. माझ्या मेव्हणीने मग हळूच सांगितलं की यांच्या घोरण्यामुळे ती वर्षभर मुलीच्या खोलीत झोपते, आणि मधेच श्वास थांबल्यासारखा होतो. झोपेच्या तपासणीत स्लीप अ‍ॅप्निया सापडला. म्हणजे हार्मोनचा रोगी म्हणून निघालेला माणूस शुगर आणि श्वासाचा रोगी म्हणून घरी आला. त्यांना हे अजून पसंत नाही. टेस्टोस्टेरॉन कमी असणं त्यांना निदान सांगायला तरी भारी वाटलं असतं.

वजन कमी केलं तर काय मिळतं याचे आकडे आहेत. खाणं आवरून साधारण दहा टक्के वजन उतरलं की टेस्टोस्टेरॉन सरासरी ऐंशीएक अंकांनी चढतं. पोटाच्या शस्त्रक्रियेने वजन फार उतरतं, त्यात ही वाढ अडीचशेपर्यंत जाते. हे ऐकून साडू म्हणाले, "ऐंशीसाठी सेव सोडू?"

टँकर कुणाला, कुणाला नाही

ज्यांची मोटर खरंच बिघडलीय किंवा पिट्युटरीच गेलीय, त्यांना बाहेरून टेस्टोस्टेरॉन देणं ही खरी, जुनी आणि गुणकारी उपचारपद्धत आहे. क्लाइनफेल्टरचा एक मुलगा आमच्याकडे गेली सहा-सात वर्षं तपासणीला येतो. उपचार सुरू झाल्यावर दाढी आली, हाडांची घनता सुधारली, आवाज खाली आला. त्याला 'नैसर्गिक उपाय कर' म्हणणं क्रूरपणा झाला असता. शुद्ध हार्मोन १९३५ साली वेगळं काढलं गेलं आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत बनवलंही गेलं. ते बनवणाऱ्या बुटेनांट आणि रुझिच्का यांना १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, बुटेनांटना लैंगिक हार्मोनवरच्या आणि रुझिच्कांना पॉलिमिथिलीन आणि टर्पीन या रसायनांवरच्या कामासाठी. त्याच्या आधी, १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार नावाच्या ७२ वर्षांच्या नामांकित शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण तरुण झाल्याचं भर सभेत सांगितलं. त्या अर्कात हार्मोन नसल्यातच जमा होतं. तरुण झाल्याचं वाटणं मात्र खरं होतं. हे वाटणं विकणारी दुकानं आजही जोरात आहेत. त्यातल्या 'शुद्ध आयुर्वेदिक' म्हणवणाऱ्या कित्येक पुड्यांत तपासणीत चक्क सिल्डेनाफिल, म्हणजे त्या निळ्या गोळीतलंच औषध, सापडलेलं आहे.

उपचाराचे प्रकार थोडक्यात. जेल रोज खांद्याला लावायची, पण ती सुकल्यावरही जागा कपड्याने झाकायची आणि तिथे बायको-मुलांचा स्पर्श टाळायचा, नाहीतर त्यांच्या अंगात जाते. दोन-तीन आठवड्यांचं इंजेक्शन स्वस्त, पण पहिल्या आठवड्यात माणूस वाघ आणि तिसऱ्यात मांजर. १,००० मिलिग्रॅमचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन दहा ते चौदा आठवड्यांनी, महाग पण सपाट. टेस्टोस्टेरॉन अन्डेकॅनोएटच्या कॅप्सूल तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबर घेतल्या तरच लागू पडतात. मिथाइलटेस्टोस्टेरॉनच्या जुन्या गोळ्या यकृताला वाईट, त्या घेऊ नयेत.

सुरू करण्याआधी आणि नंतरही रक्त तपासत राहावं लागतं. टेस्टोस्टेरॉन रक्त घट्ट करतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा हिस्सा, ५४ टक्क्यांच्या वर गेलं की डोस थांबवतात. चाळिशीपुढे प्रोस्टेटची पीएसए ही रक्ततपासणी बघतात. प्रोस्टेटचा किंवा स्तनाचा कर्करोग, गेल्या सहा महिन्यांतला हार्ट अटॅक किंवा लकवा, उपचार न केलेला गंभीर स्लीप अ‍ॅप्निया, या सगळ्यांत देत नाहीत. हृदयाबद्दल बरीच वर्षं भीती होती. २०२३ साली पाच हजारांवर पुरुषांच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. त्यांचं टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी होतं आणि हृदयाचा धोकाही होता. जेल लावणाऱ्यांत हार्ट अटॅक, लकवा आणि हृदयविकाराने मृत्यू नकली जेलवाल्यांपेक्षा जास्त झाले नाहीत. मात्र हृदयाचे अनियमित ठोके आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी थोडी जास्त दिसली. पासष्टीपुढच्या ७९० पुरुषांच्या आणखी एका चाचणीत इच्छा बऱ्यापैकी सुधारली, अंगातला उत्साह मात्र फारसा नाही. थकवा जाईल या आशेने टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आणि ज्याला मूल हवंय त्याला टँकर नाही. हे मी माझ्या भाच्यामुळे फार जवळून बघितलं.

तो २९ वर्षांचा, लग्नाला दोन वर्षं. जिम करतो. थकवा वाटतो म्हणून शहरातल्या एका क्लिनिकमध्ये गेला. तिथे दुपारचा एक रिपोर्ट बघून त्याला आठवड्याला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुरू केलं. एलएच बघितलं नाही, मूल हवंय का हेही कुणी विचारलं नाही. दहा महिन्यांनी वीर्य तपासणीसाठी त्याने नमुना माझ्याकडे दिला, तेव्हा मला ही हकीगत पहिल्यांदा कळली. मी स्लाइड तीनदा बघितली, नमुना फिरवून तळ बघितला. एकही नव्हता. रक्तात टेस्टोस्टेरॉन १,१८०, एलएच ०.१ च्या खाली, हिमॅटोक्रिट ५३. टाकी वाहतेय आणि मोटर बंद, इतकं स्वच्छ चित्र पुस्तकात असतं.

"पण मामा, पुरुषाचं हार्मोन घेतल्यावर ते वाढायला हवं ना?"

त्याचा दोष नाही, सगळ्यांना असंच वाटतं. खरं तर जागतिक आरोग्य संघटनेने दर आठवड्याला २०० मिलिग्रॅमचं हेच इंजेक्शन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं, १९९० साली त्याचे निकालही छापून आले. सहा महिन्यांत बहुतेक पुरुषांचे शुक्राणू शून्यावर किंवा त्याच्या जवळ आले होते. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं, आणि ते तिथेच बनावं लागतं. बाहेरून आलेलं तिथे पुरत नाही.

हार्मोनच्या डॉक्टरांनी इंजेक्शन बंद केलं आणि एचसीजी सुरू केलं. ते एलएचची नक्कल करून मोटर थेट चालवतं. काहींना क्लोमिफीनच्या गोळ्या देतात, त्या वर बघणाऱ्याला टाकी रिकामी असल्याचं भासवतात. शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात, त्यामुळे घाईचा उपयोग नसतो. बहुतेकांचं सहा महिने ते वर्षात परत येतं, काहींना त्याहून जास्त लागतं. मधले काही आठवडे वाईट गेले. आतलं बंद, बाहेरचं बंद, मुलगा दिवसभर पलंगावर. माझी बहीण मला फोन करून विचारायची की हा बोलत का नाही, आणि मला सांगता येत नव्हतं.

तीन महिन्यांचा नमुना रिकामा. पाचव्या महिन्याचाही. आठव्या महिन्याला तो सकाळी नमुना देऊन बाहेर बाकावर बसून राहिला, कामावर गेला नाही. मी स्लाइड लावली, जवळजवळ दहा मिनिटं शोधलं, मग दार उघडून त्याला आत बोलावलं आणि माझ्या स्टुलावर बसवलं. त्याने डोळा लावला, मान वाकडी केली, परत लावला.

"मामा, उजव्या कोपऱ्यात एक हलतोय."

"थांब," मी म्हटलं, "डावीकडे सरकव, तिथे अजून दोन आहेत."